घरातली ब्रिटिशकालीन नाणी: पेटीतून काढण्यापासून विकण्यापर्यंतचा नेमका क्रम

आजीच्या पेटीतून, देवघरातून किंवा लक्ष्मीपूजनाच्या डब्यातून राणीछाप रुपये निघाले की बहुतेक घरांत पुढचं सगळं एकाच क्रमाने घडतं. आधी कोणीतरी ते चिंचेने घासून लख्ख करतं. मग 'हे नाणं लाखोंना विकलं जातं' असा एखादा व्हिडिओ सापडतो. त्या आकड्याच्या आशेवर महिने जातात, मध्येच कुणाला तरी 'नोंदणी शुल्क' भरलं जातं, आणि शेवटी कंटाळून सगळा ढीग सराफाच्या काट्यावर मोडीत जातो. यातल्या प्रत्येक पायरीवर नुकसान होतं, आणि ते टाळायला नाणेशास्त्र शिकावं लागत नाही. फक्त कामांचा क्रम बदलावा लागतो.

हा लेख १८३५ ते १९४७ या काळातल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांपुरता आहे: रुपया, अधेली (अर्धा रुपया), पावली (पाव रुपया), चवली (दोन आणे), आणा, पैसा, पै, आणि जोडीला सोव्हरिन हे सोन्याचं ब्रिटिश नाणं. डब्यात शिवराई, संस्थानी किंवा मुघल नाणी सापडली तर ती वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यांची ओळख आणि किंमत ठरवायची पद्धत निराळी आहे.

आधी जमवायचं साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधं चुंबक, मिलिमीटरमध्ये मोजणारी पट्टी किंवा कॅलिपर, शिवणाचा बारीक दोरा, एक पेला, डिस्टिल्ड वॉटर, मऊ सुती कापड आणि एक वही. काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही. खऱ्या-खोट्या नाण्यातला फरक बऱ्याचदा त्या ग्रॅमच्या आतच असतो.

टप्पा १: घासू नका, पुसू नका, आधी फोटो काढा

सगळ्यात मोठं नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून इथे थोडं थांबूया. जुन्या चांदीवर चढलेला करडा, निळसर किंवा काळपट थर ही घाण नसते. हवेतल्या गंधकाशी चांदीची हळूहळू अभिक्रिया होऊन तो तयार झालेला असतो आणि त्याखाली मूळ पृष्ठभाग शाबूत असतो. संग्राहक त्या मूळ पृष्ठभागाचे पैसे मोजतो. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, सराफाकडचं पॉलिश यांपैकी काहीही लावलं की थराबरोबर धातूचा बारीक पापुद्राही जातो आणि भिंगाखाली केसासारखे ओरखडे दिसू लागतात. अशा नाण्याला बाजारात 'घासलेलं' म्हणतात. दुर्मीळ नाणंसुद्धा एकदा घासलं की त्याची किंमत बरीच खाली येते. नंतर कोणताही उपाय करून तो पृष्ठभाग परत येत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. पूजेतल्या नाण्यांवर हळद, कुंकू, तेल आणि तुपाचे थर असतात. ते काढता येतात, पण घासून नाही. चांदीचं नाणं काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि दिवसातून एकदा पाणी बदला. थर सैल होऊन आपोआप सुटू द्या. तेलकटपणा राहिला तर शुद्ध अॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग आणि इतर पदार्थ असतात. बाहेर काढल्यावर मऊ कापडावर ठेवून वरून कापड नुसतं टेकवा, चोळू नका. तांब्याच्या नाण्याला पाण्यात मुरवत ठेवू नका.

*इशारा:* अॅसिटोन पटकन पेट घेतं. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको. खिडकी उघडी हवी.

नाणं नेहमी किनारीला धरा, हात कोरडे हवेत आणि खाली मऊ कापड हवं. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि किनारीचा फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवून बाजूने येणाऱ्या खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो सगळ्यात खरा येतो. वहीत नाण्याला क्रमांक द्या आणि फोटोलाही तोच द्या. पुढे नाणं हरवलं, कोणी बदललं किंवा भावंडांत वाटणीचा प्रश्न आला तर ही नोंद कामी येते.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगितलंय का, की या डब्याला कोणी हात लावायचा नाही? दिवाळीच्या साफसफाईत भली नाणी घासली जातात.

टप्पा २: ढिगाची वाटणी करा

आधी धातूप्रमाणे गट करा, मग चेहऱ्याप्रमाणे. चेहरा आणि त्याभोवतीची इंग्रजी अक्षरं वाचली की काळ कळतो.

१८३५ च्या रुपयावर विल्यम चौथा आहे आणि मागे पानांच्या माळेसह ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. १८४० च्या रुपयावर मुकुट नसलेली तरुण व्हिक्टोरिया. इथेही मागे कंपनीचंच नाव आहे. १८६२ पासून राणी मुकुटासह दिसते, भोवती 'व्हिक्टोरिया क्वीन', आणि मागून कंपनीचं नाव जाऊन 'इंडिया' आलेलं. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस'. ते रुपये १९०१ पर्यंतचे. एडवर्ड सातवा १९०३ ते १९१०, डोक्यावर मुकुट नाही. त्यानंतर १९११ पासून पंचम जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज, दोघेही मुकुटधारी.

ही सनावळ एका जुजबी चाचणीसारखी वापरा. व्हिक्टोरियाचा चेहरा आणि १९०५ साल, किंवा एडवर्डचा चेहरा आणि १९१५ साल असं काही दिसलं तर ते नाणं लगेच संशयितांच्या पाकिटात टाका.

धातूचा मुद्दा इथे नीट समजून घ्या, कारण लोक यात सर्रास चुकतात. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असते. १९४० मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं गेलं, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४६ ची वाघाचं चित्र असलेली अधेली आणि पावली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया यांत चांदी अजिबात नाही. ते शुद्ध निकेल आहे. 'राजाछाप म्हणजे चांदी' असं धरून १९४७ च्या रुपयाला चांदीचा भाव मागणारे बरेच भेटतात.

१९४० साल हे अधेली-पावलीसाठी संक्रमणाचं आहे. त्या वर्षाची नाणी दिसली तर अंदाज बांधू नका, पुढच्या टप्प्यातल्या पाण्याच्या चाचणीवर सोडा.

टप्पा ३: वजन, चुंबक आणि पाणी

रुपयाचं ठरीव वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजेच जुना तोळा. अधेली ५.८३, पावली २.९२, चवली १.४६ ग्रॅम. वापरात झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, तेवढं चालतं. पण ११.२ च्या बराच खाली किंवा ११.७५ च्या वर गेला तर शंका घ्या. आजचे सराफ 'तोळा' म्हणताना १० ग्रॅम धरतात, हेही लक्षात ठेवा. मोडीच्या वेळी बोलणं नेहमी ग्रॅममध्येच करा.

चुंबकाला चांदी, तांबं आणि सोनं चिकटत नाही. चिकटलं तर नाणं खोटं. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा: १९४६-४७ ची निकेलची नाणी चुंबकाला चिकटलीच पाहिजेत. वाघाचा रुपया चिकटत नसेल तर तोच संशयास्पद.

आता पाण्याची चाचणी. ही घरी सहज होते, नाण्याला धक्का लागत नाही आणि चांदीचा मुलामा दिलेली बहुतेक खोटी नाणी इथेच पकडली जातात.

१. आधी नाणं कोरडं मोजा आणि वजन लिहा.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा.
३. नाण्याला दोऱ्याचा फास घाला आणि ते पूर्ण बुडेल असं पाण्यात अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, अंगावर बुडबुडे राहू देऊ नका.
४. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा.

९१.७ टक्के चांदीच्या नाण्यासाठी उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे न झिजलेल्या रुपयाला पाण्यातला आकडा साधारण १.१३ ग्रॅम. १९४० नंतरच्या ५० टक्के चांदीच्या रुपयासाठी उत्तर ९.५ च्या जवळ, पाण्यातला आकडा १.२२. उत्तर ८.७ किंवा त्याखाली आलं तर बहुधा जर्मन सिल्व्हर किंवा तसलाच, चांदी नसलेला मिश्रधातू आहे. लहान नाण्यांवर चूक मोठी होते, म्हणून चवलीसाठी ही चाचणी तीनदा करून सरासरी घ्या.

*इशारा:* दातांनी चावणं, दगडावर कस लावणं, आम्लाचा थेंब टाकणं, फरशीवर खणकावणं यांतलं काहीही करू नका. सराफ 'जरा कस लावून बघतो' म्हणाला तरी नकार द्या.

टप्पा ४: साल, टांकसाळ आणि उपप्रकार

दोन दिसायला सारख्या रुपयांत किमतीचा फरक इथून येतो. म्हणून भिंग हातात घ्या.

पहिली गोष्ट, नाण्यावरचं साल म्हणजे नाणं पाडल्याचं साल असतंच असं नाही. १८४० लिहिलेले रुपये १८६१ पर्यंत पाडले जात होते आणि १८६२ लिहिलेले १८७४ पर्यंत. म्हणून '१८४० चा आहे, पावणेदोनशे वर्षं जुना' एवढ्यावर किंमत वाढत नाही. हे दोन्ही रुपये भरपूर सापडतात. त्यांच्यात भाव मिळतो तो उपप्रकारांना. १८४० मध्ये पाहायचं की 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात की डोक्याने दुभंगलेली आहेत. मागच्या माळेत छोटी फळं किती आहेत. मानेच्या कापावर कोणती आद्याक्षरं आहेत. १८६२ च्या मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला तारखेजवळ बारीक ठिपके असतात. त्यांची संख्या आणि जागा हीच पुढच्या वर्षांची खूण मानली जाते. झिजलेल्या नाण्यावर ठिपका आणि डाग यांत गफलत होते, म्हणून तिरप्या उजेडात बघा.

दुसरी गोष्ट टांकसाळ. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुतेक वेळा खूण नसते. मुंबईची खूण काळानुसार बदलते: व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर मागच्या बाजूला खालच्या फुलात इंग्रजी बी, कधी उठावाचं तर कधी खोलगट, एडवर्डच्या रुपयावरही तळाशी बी, पंचम जॉर्जच्या रुपयावर मागे खालच्या फुलाशी उठावाचा एक छोटा ठिपका. लाहोरच्या टांकसाळीत १९४३ पासून नाणी पाडली गेली, त्यांच्यावर इंग्रजी एल असतं. एकाच वर्षात एका टांकसाळीचं नाणं ढिगाने आणि दुसऱ्या टांकसाळीचं अगदी मोजकं, असं अनेकदा असतं. त्यामुळे वहीत 'रुपया, १९१९, ठिपका आहे' असंच लिहा. नुसतं '१९१९' अपुरं आहे.

तिसरी गोष्ट, सगळ्यांच्या तोंडी असलेली काही साल. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया संग्राहक आवर्जून मागतात. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोकांनी हरकत घेतली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही सर्वत्र आहेत. पंचम जॉर्जचे १९२१ आणि १९२२ चे रुपये शेजारच्या वर्षांपेक्षा कमी दिसतात. १९१९-२० ची तांबं-निकेलची आठ आण्यांची नाणीही बाजूला काढून ठेवा.

भोकाचा पैसा, पितळी रंगाचा आणा, १८३५ चा झिजलेला पाव आणा ही नाणी मात्र इतकी निघतात की प्रत उत्तम असल्याशिवाय त्यांना फारसा भाव येत नाही. ती मुलांना दाखवायला, संग्रह सुरू करायला छान. तेवढी आशा पुरेशी आहे.

नाव-साल-टांकसाळ जुळवण्यासाठी नुमिस्टा हे संकेतस्थळ फुकट आणि सोपं आहे. तिथल्या फोटोशी आपलं नाणं अक्षर अक्षर ताडून बघा आणि तिथला क्रमांक वहीत उतरवा. पुण्या-मुंबईच्या आसपास असाल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय एकदा नक्की बघा. अस्सल नाणी डोळ्यांखालून गेली की खोटी लवकर खुपतात.

टप्पा ५: खोटी, बनावट आणि 'कधीच नव्हती' अशी नाणी

तीन वेगवेगळे प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नका.

एक, सराफी राणीछाप. धनत्रयोदशीला सराफ व्हिक्टोरिया किंवा जॉर्जचं चित्र असलेली चांदीची नाणी विकतात. चांदी खरी, पण नाणं टांकसाळीचं नव्हे. वजन बहुधा १० ग्रॅम किंवा तसंच गोळाबेरीज, चेहरा पुसट, अक्षरं जाड. घरच्या डब्यात ही खऱ्या नाण्यांत मिसळलेली असतात. त्यांची किंमत फक्त चांदीची.

दोन, नक्कल. साच्यात ओतलेल्या नाण्याचा पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत दिसतो, त्यावर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. किनारीवरचे दाते नीट बघा. ते सर्वत्र सारख्या अंतरावर हवेत. किनारीभोवती जोडाची रेघ दिसली तर विषय संपला. दुर्मीळ सालात शेवटचा आकडा कोरून बदललेला असतो किंवा टांकसाळीची खूण नंतर चिकटवलेली असते. त्या एकाच आकड्याभोवतीचा धातू बाकी जागेपेक्षा वेगळा चमकतो का, ते बघा. १९३९ चा रुपया घरात निघाला तर तो तज्ज्ञाने तपासेपर्यंत खोटाच समजा.

तीन, काल्पनिक नाणी. १६१६, १७१७ किंवा १८१८ साल, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि दुसऱ्या बाजूला राम दरबार, हनुमान, गणपती किंवा ॐ. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. देवाचं चित्र म्हणून ती देव्हाऱ्यात ठेवा, त्यात गैर काही नाही, पण त्यांच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणजे राईस पुलर ही तर उघड फसवणूक आहे. त्या नावाने कोणी दारात आलं तर पोलिसांत कळवा.

*तपासणी:* या टप्प्यानंतर वहीत प्रत्येक नाण्यासमोर तीनपैकी एक शब्द हवा: अस्सल, संशयित, बाद.

टप्पा ६: प्रत ठरवा, आणि कडक राहा

प्रत म्हणजे नाणं किती झिजलंय. बाजारात फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रा फाईन आणि अनसर्क्युलेटेड म्हणजे यूएनसी हे शब्द चालतात. आपल्या नाण्याची प्रत जवळजवळ सगळेच एक-दोन पायऱ्या वर धरतात.

उठावाची जागा आधी झिजते, म्हणून तिथेच बघायचं. 'एम्प्रेस' रुपयावर राणीच्या कानावरच्या केसांच्या रेषा, मुकुटाची बारीक नक्षी आणि झग्यावरचे मोती. केस सपाट झाले आणि झग्याची नक्षी निम्मी गेली तर फाईन. केसांच्या रेषा दिसतात पण टोकं बोथट आहेत तर व्हेरी फाईन. सगळी नक्षी स्वच्छ, फक्त सर्वोच्च जागी किंचित झीज, तर एक्स्ट्रा फाईन. कुठेच झीज नाही आणि नाणं हलवल्यावर प्रकाशाची लाट चक्रासारखी फिरते, तर यूएनसी. पंचम जॉर्जवर मुकुटाची पट्टी, कान आणि झग्यावरचा हत्ती बघा.

डाख लावलेली कडी, भोक, कडी काढल्यावर राहिलेला चट्टा, किनारीवरचा कापा, कोरलेलं नाव या सगळ्यांना 'दोष' म्हणतात. दोष असलेलं नाणं प्रत कितीही चांगली असली तरी बहुधा धातूच्या भावाजवळ येतं. आपल्याकडे रुपयांच्या माळा आणि बटणं केली जात, त्यामुळे हे वारंवार दिसतं. अशी माळ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ती सुटी करू नका. जुना दागिना म्हणून तिचं मोल सुट्या चट्टेवाल्या नाण्यांपेक्षा जास्त होऊ शकतं.

एनजीसी, पीसीजीएस या परदेशी संस्था नाणं तपासून, १ ते ७० च्या मापावर अंक देऊन सीलबंद डबीत देतात. त्यांचं शुल्क आणि वाहतूक मिळून बराच खर्च होतो. साध्या व्हिक्टोरिया रुपयासाठी तो निघणार नाही. अस्सलपणाचा वाद असलेलं दुर्मीळ नाणं किंवा खरंच यूएनसी नाणं असेल तरच विचार करा.

टप्पा ७: किंमत काढा

आधी जमीन शोधा, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, १९४० नंतरच्या रुपयात ५.८३ ग्रॅम. समजा चांदी किलोला २ लाख रुपये आहे, म्हणजे ग्रॅमला २००. मग जुन्या रुपयात २,१३८ रुपयांची आणि नंतरच्या रुपयात १,१६६ रुपयांची चांदी झाली. त्या दिवसाचा भाव घेऊन हाच गुणाकार करा. नाणं झिजलं असेल तर ठरीव वजनाऐवजी तुमच्या काट्यावरचं वजन धरा.

सोव्हरिनसाठी वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १९१८ मध्ये मुंबईतही सोव्हरिन पाडली गेली, त्यांच्यावर इंग्रजी आय ही खूण आहे. त्याच वर्षी मुंबईत त्याच वजनाची १५ रुपयांची सोन्याची मोहोरही निघाली. ती सापडली तर सराफाकडे नेऊच नका, थेट लिलावगृहाला दाखवा.

मग संग्राहकाचा भाव. इथे एकच नियम: मागितलेला भाव बघू नका, मिळालेला भाव बघा. विक्री संकेतस्थळांवर कोणीही लाखाचा आकडा टाकू शकतो; ते नाणं वर्षानुवर्षं तिथेच पडून असतं. मुंबईचं टोडीवाला, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स अशी लिलावगृहं झालेल्या लिलावांचे निकाल जाहीर करतात. तुमचंच साल, तुमचीच टांकसाळ आणि तुमच्या जवळची प्रत असलेले निदान तीन निकाल शोधा. सगळ्यात वरचा सोडा, मधला धरा. त्यातून लिलावगृहाचं कमिशन वजा गेल्यावर विकणाऱ्याच्या हातात किती येतं ते मोजा. व्यापारी तुमच्याकडून रोखीने घेईल तेव्हा त्याहून कमी देईल, कारण त्याचं दुकान आणि वाट बघणं त्यातच असतं. ते अन्यायाचं नाही, पण किती कमी, हे तुम्हाला आधी माहीत हवं.

तुमचा आकडा चांदीच्या किमतीच्या आसपासच आला तर निराश होऊ नका. घरोघरच्या बहुतेक रुपयांचं तेच आहे.

टप्पा ८: विकण्याआधीचे कायदे

थोडक्यात, पण वगळू नका.

१०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला आजीचा व्हिक्टोरिया रुपया पर्समध्ये घालून देणं किंवा परदेशी ग्राहकाला पोस्टाने पाठवणं, दोन्ही याच कायद्यात अडकतं. परदेशी संस्थेकडून प्रत ठरवून घ्यायचा विचार असेल तर नाण्याचं वय इथेही आड येतं. आधी चौकशी करा.

शेतात, पायाच्या खोदकामात किंवा जुन्या भिंतीत नाणी सापडली तर ती 'घरची' नव्हेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवणं हा गुन्हा आहे.

वारसाची नाणी असतील तर भावंडांची लेखी संमती घ्या. एका व्यवहारात रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्याला चालत नाही; रक्कम मोठी असेल तर बँकेतून घ्या आणि करासाठी सीएला विचारा.

टप्पा ९: विक्री

ढीग एकत्र विकू नका. वहीवरून तीन भाग करा.

बाद आणि दोष असलेली चांदीची नाणी सराफाकडे जातील. नेहमीची, बऱ्या प्रतीची नाणी व्यापाऱ्याकडे किंवा नाणे प्रदर्शनात. पुणे-मुंबईत अशी प्रदर्शनं भरतात, एकाच दिवशी अनेक व्यापारी भेटतात आणि भाव ताडून बघता येतो. दुर्मीळ किंवा उत्तम प्रतीचं नाणं लिलावगृहाकडे.

व्यापाऱ्याकडे जाताना आधी तुमचा आकडा सांगू नका, त्याचा ऐका. 'हे एकच घेतो, बाकी नको' असं झालं तर थांबा. त्या एकात काहीतरी आहे. निदान दोन ठिकाणी विचारा. 'दोन दिवस ठेवून जा, दाखवून सांगतो' याला होकार देऊ नका. ठेवावंच लागलं तर फोटो, वजन आणि तारीख लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्या.

लिलावगृहाला नाणं देण्याआधी लेखी विचारा: विक्रेत्याचं कमिशन किती, किमान राखीव किंमत काय, फोटो आणि विमा कोणाच्या खर्चाने, पैसे किती दिवसांत, आणि न विकल्यास नाणं परत कधी. राखीव किंमत तुमच्या जमिनीच्या वर ठरवा, पण फार वर नको. न विकलेलं नाणं पुढच्या लिलावात थोडं शिळं वाटतं.

ऑनलाइन विकताना दोन गोष्टी पक्क्या ठेवा. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून कधीही पैसे मागत नाही: नोंदणी, जीएसटी, पोलीस परवाना, आरबीआय शुल्क, काहीही नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीरच केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क घेत नाही. दुसरं, पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की संभाषण तिथेच बंद.

पैसे खात्यात जमा झाल्याचं स्वतः बँकेच्या अॅपमध्ये बघा; समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा नाही. नाणं विमा उतरवलेल्या पार्सलनेच पाठवा. कुरिअर असेल तर नाण्यांना भरपाई लागू होते का, हे बुकिंगआधी विचारा. पाकीट बंद करताना नाण्याचा क्रमांक दिसेल असा सलग व्हिडिओ काढा.

विकायची नसलेली नाणी

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नका. त्यातून निघणारा पदार्थ नाण्यावर हिरवट चिकट थर चढवतो. वर्तमानपत्र आणि रबरबँड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मायलरची (पारदर्शक, पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) खिडकी असलेले कार्ड होल्डर किंवा घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्या घ्या. स्टेपल करत असाल तर पिना सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओलसर झाली की बदला. प्रत्येक होल्डरवर वहीतला क्रमांक, वजन आणि टांकसाळ लिहा, आणि वहीची फोटोप्रत नाण्यांपासून वेगळ्या जागी ठेवा.